उजाडल्याशिवाय निघायचं नाही

डाव्या बाजूने येणारी मुलगी मला दिसली नाही, खरं तर एवढंच झालं. प्रयोगशाळेतल्या माझ्या स्टुलावरून मी उठले, वळले, आणि तिच्या हातातला ट्रे माझ्या कोपराला लागून खाली गेला. काचपट्ट्या फुटल्याचा आवाज फार मोठा नसतो. थोडी किणकिण होते आणि मग खोलीतले सगळे तुमच्याकडे बघतात. मुलगी नुकतीच लागलेली, ती रडकुंडीला येऊन माझीच माफी मागू लागली. चूक माझी आहे असं मी तिला तीनदा सांगितलं, पण तिला ते पटेना. एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या बाईची नजर चुकते, यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नसता. सतरा रुग्णांना पुन्हा बोलावून रक्त घ्यावं लागलं. आमचे मोठे डॉक्टर मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. संध्याकाळी घराकडे चालताना मी मनातल्या मनात मागे जाऊन एकेक गोष्ट उचलून पाहू लागले. गेल्या महिन्यात जिन्याची शेवटची पायरी हुकली होती. त्याआधी शेजारणीच्या छोट्या मुलाला मी दोनदा धडकले होते आणि दोन्ही वेळा त्यालाच रागावले होते. सिनेमागृहात उशिरा पोचलो तेव्हा अंधारात मी सरळ एका अनोळखी गृहस्थांच्या मांडीवर जाऊन बसले होते. ठकी, म्हणजे माझी मुलगी, त्या प्रसंगाची नक्कल अजून करते. एकेक गोष्ट वेगळी होती तोवर ती गंमत होती. सगळ्या एका ओळीत लावल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना.

नेत्रतज्ज्ञांकडे मला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. समोर परातीएवढं, आतून पोकळ, पांढरंधोप भांडं, तोंड माझ्याकडे करून उभं केलेलं. त्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची. एका डोळ्यावर पट्टी, हातात दाबायचं बटण. यंत्र चालवणारा माणूस दिवसभर तेच तेच बोलून थकलेला असावा. मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं, नजर हलवायची नाही, आजूबाजूला कुठेही बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं, असं त्याने एका सुरात सांगितलं आणि शेवटी म्हणाला की सगळे दिसतातच असं नाही, तेव्हा घाबरायचं नाही. मी त्या पांढऱ्या पोकळीत एकटी राहिले. एक ठिपका चमकला, मी बटण दाबलं. मग आणखी एक, फारच फिका, आहे की नाही अशी शंका यावी इतका. मग बराच वेळ काहीच नाही. यंत्र मात्र टिकटिक करत होतं, म्हणजे ठिपके येत होते, जात होते. तशीच वाट बघत बसलेली असताना मला अचानक थंडी वाजली. खोलीत थंडी अजिबात नव्हती. पाठीखाली कांबळं, कांबळ्याखाली टोचणारे खडे, थर्मासच्या बुचाला येणारा कालच्या चहाचा वास, आणि शेजारी आडव्या पडलेल्या माणसाचा आवाज, 'कृत्तिका मोज. घाई करू नकोस. मोज.'

आमचे बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाच्या एकेका अक्षराचा खिळा खणांच्या पेटीतून उचलून हातातल्या पट्टीत उभा करायचा, ओळ भरली की पुढची ओळ. पेटीला शेकडो खण. बाबांचा हात न बघता बरोबर त्या खणात जायचा. मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांच्या डोळ्यांकडे बघायचे. ते डोळे समोरच्या कागदावर असायचे आणि हात आपापला जाऊन येत असायचा. या माणसाला तारे पाठ असणार यात आम्हाला काही नवल वाटलं नाही. दर शनिवारी, आभाळ मोकळं असलं तर, बाबा मला आणि दादाला गावाबाहेरच्या टेकडीवर न्यायचे. टेकडीवर पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या मागे सपाट जागा. आम्ही सूर्य असतानाच पोचायचो, हा बाबांचा कायदा. जागा उजेडात धरायची, म्हणायचे. पोचल्यावर बाबा बुटाच्या टाचेने जमिनीवर उत्तर-दक्षिण रेघ काढत, तिच्या टोकांना दगड ठेवत, कांबळं त्या रेघेवर अंथरत. उकडलेली अंडी, पाव, शेंगदाणे आणि चहा. मग अंधार पडायचा, आणि आम्ही तिघे पाठीवर पडून राहायचो, मधे बाबा, त्यांच्या एका अंगाला दादा, दुसऱ्या अंगाला मी. दुसरा कायदा असा की एकदा आडवं झालं की उजाडल्याशिवाय निघायचं नाही. इतर मुलांचे बाप मुलांना नऊ वाजता घरी आणून झोपवायचे, आमचे बाबा आम्हाला रात्रभर आकाशाखाली ठेवायचे. शाळेत या गोष्टीचा आम्ही भरपूर भाव खाल्ला.

बाबांची शिकवण्याची एक पद्धत होती. ते कधी एकदम बोट दाखवून हा अमुक तारा असं म्हणायचे नाहीत. आधी विचारायचे, आज तारीख काय, किती वाजले. मग क्षणभर गप्प. मग म्हणायचे, टाकीच्या उजव्या कडेला, जमिनीपासून दोन विती वर, एक लालसर तारा असेल बघ. असायचाच. ती रोहिणी. आता तिच्यापासून वर जा, कापसाच्या बोंडासारखं काहीतरी पुसट दिसतंय का? त्या कृत्तिका. किती दिसतात? दादा नेहमी सात सांगायचा. मला सहाच दिसायच्या, पण दादापेक्षा कमी कसं सांगणार, म्हणून मी आठ सांगायचे. बाबा म्हणायचे, 'आठ? बरं. कशा बसल्यात सांग.' आणि मी खोट्या दोन ताऱ्यांना कुठेतरी जागा करून देत असे. मृगाचे चार पाय, पोटातला बाण, व्याध कसा निळा, हिरवा, पांढरा लुकलुकतो, उन्हाळ्यात वृश्चिकाची नांगी, तिच्याजवळचा आकाशगंगेचा पांढरा धूर. हे सगळं मी बोलून दाखवलेलं आहे. बाबा रंग विचारायचे, अंतर विचारायचे, कोणता आधी दिसला आणि कोणता नंतर हे विचारायचे. मीही पुढे आयुष्यभर काचेतून बघून सांगण्याचंच काम केलं आणि त्यात कधी चुकले नाही, ही सवय कुठून लागली ते माझ्या पहिल्या साहेबांनी विचारलंही होतं. बाबांना स्वतःला कृत्तिका किती दिसतात, हे आम्ही कधी विचारलं नाही. तसं मुलांच्या डोक्यातच येत नाही.

'झालं, ताई. आता दुसरा डोळा,' यंत्रवाला म्हणाला.

डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान होत्या. त्यांनी औषध घालून माझ्या बाहुल्या मोठ्या केल्या, भिंगातून बराच वेळ आत बघितलं, मग कागदावरचा नकाशा माझ्यापुढे ठेवला. मध्यभाग पांढरा, कडा काळवंडलेल्या. डोळ्याचा पडदा कडेकडेने निकामी होत चाललाय, असं त्यांनी सरळ सांगितलं. मधली नजर चांगली आहे, सूक्ष्मदर्शकाचं काम पुष्कळ वर्षं करता येईल. अंधारातली नजर मात्र बरीच गेलेली आहे आणि राहिलेलीही जाईल. हळूहळू जाते म्हणून माणसाला कळत नाही. मी मान डोलावत होते. दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट ऐकतेय असं वाटत होतं, आणि रिपोर्ट ऐकायची मला सवय आहे. मग त्यांनी विचारलं, 'हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं. आई किंवा वडील, कुणाला रात्रीचं दिसत नव्हतं का?' मला चक्क हसू आलं. वडिलांना शेवटी शेवटी कमी दिसायचं, पण ते वयामुळे, मी म्हणाले. रात्रीचा प्रश्नच नाही, वडील तर आम्हाला तारे दाखवायचे. दर शनिवारी. डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर बघितलं. मला मुलं किती, एवढंच विचारलं.

बाहेर आले तर बाहुल्या मोठ्या असल्यामुळे सगळीकडून उजेड अंगावर येत होता. जिन्यावरच्या बाकावर डोळे मिटून बसले. आणि तिथे, काही कारण नसताना, मला आमच्या घरातला जुना विनोद आठवला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. टेकडीवर बाबा नेहमीप्रमाणे रोहिणीवरून कृत्तिकांकडे निघाले होते, बोट वर केलेलं, बोंडासारखं पुसट वगैरे सांगत होते, आणि दादा म्हणाला की बाबा, तिकडे ढग आलेत, काहीच दिसत नाहीये. बाबांचं बोट क्षणभर तसंच राहिलं. मग ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, 'ढगामागे आहेत ना, जातात कुठे?' आम्हाला ते इतकं आवडलं की घरात त्याची म्हणच झाली. चावी सापडेना, ढगामागे असेल. दादाचा निकाल लागेना, ढगामागे आहे. माझ्या लग्नात नवरदेवाची गाडी उशिरा आली तेव्हाही दादाने तेच म्हटलं आणि बाबा सगळ्यांत जास्त हसले. त्या बाकावर बसून मला ते हसणं ऐकू आलं, त्याच्या आधीचा तो क्षणसुद्धा, आणि बोट. मग बाकीचं आपोआप येत गेलं, मी थांबवायचा प्रयत्न करूनही. उजेडात जागा धरायची. टाचेने काढलेली रेघ. तारीख काय, वाजले किती. उजाडल्याशिवाय निघायचं नाही. मोठ्या दैनिकात दुप्पट पगाराची जागा आली होती, ती रात्रपाळी नको म्हणून बाबांनी सोडली आणि आईचे भाऊ त्यांना कायमचे आळशी म्हणू लागले. रस्त्यात ओळखीच्यांना न ओळखता, भिंतीच्या कडेने, आपल्याच तंद्रीत चालणारा माणूस. आमचे बाबा तंद्रीतले, असं आम्ही कौतुकाने सांगायचो.

आणि मग ती उल्का. तिच्यापाशी मी बराच वेळ जात नव्हते. मी पंधरा वर्षांची होते. दादा शिकायला दुसऱ्या शहरात गेला होता, त्यामुळे टेकडीवर आम्ही दोघंच. त्या वयात शनिवारची रात्र बापाबरोबर कांबळ्यावर घालवायला लागते याचा राग होताच, मैत्रिणी कुठे कुठे जमायच्या. मी मोजत नव्हते, सांगत नव्हते, हूं हूं करत पडले होते. बाबा एकटेच बोलत होते. आणि मृगाच्या खांद्यापासून थेट पश्चिमेपर्यंत, अर्धं आकाश कापत, एक उल्का गेली. इतकी सावकाश की मला पूर्ण श्वास घेता आला. हिरवी होती. काचेच्या बाटलीसारखी हिरवी, आणि मागे राहिलेली रेघ कितीतरी वेळ विरत नव्हती. मी ओरडून उठून बसले. बाबा म्हणाले, 'पाहिली, पाहिली.' मी विचारलं, कशी होती. ते म्हणाले, सुरेख होती, मोठी होती. रंग कुठला होता, मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. कदाचित त्यांचाच प्रश्न त्यांना परत करावा म्हणून. बाबा म्हणाले, 'पांढरी.' मग माझ्या तोंडून जे निघालं ते मला शब्दन् शब्द आठवतं. हिरवी होती, बाटलीसारखी हिरवी, मी म्हणाले, तुम्ही बघतच नव्हता, तुम्ही खोटं बोलता, तुम्हाला बघायचंच नसतं तर मला कशाला आणता इथे दर आठवड्याला. उरलेली रात्र मी त्यांच्याकडे पाठ करून काढली. पुढच्या शनिवारी मला परीक्षेचा अभ्यास होता, त्याच्या पुढच्या शनिवारी मैत्रिणीकडे जायचं होतं, आणि नंतर कुणी काही विचारलं नाही. बाबांचाही उत्साह संपला असं मी धरून चालले. माणसं छंद धरतात, सोडतात.

आई आता ऐंशीची आहे आणि माझ्याकडे असते. माझा नवरा गेल्यापासून घरात आम्ही तिघी. मी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होती. ठकी कामावर गेली होती. समारंभांना आवाजाची यंत्रणा पुरवणाऱ्या एका कंपनीत ती आहे, व्हॅन भरून कर्णे घेऊन गावोगाव हिंडते. मी काळा चष्मा काढला नाही. डॉक्टर काय म्हणाले असं आईने विचारलं, मी सांगते म्हणाले आणि समोर बसून शेंगा सोलू लागले. पुष्कळ वेळ आम्ही दोघी सोलत होतो. मग मी म्हणाले, 'आई, बाबांना रात्रीचं दिसायचं का गं?'

आईचा हात थांबला नाही. तिने हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाडग्यात टाकले, साल बाजूला ठेवलं. मग म्हणाली, 'तुला कुणी सांगितलं?'

मग तिने सांगितलं, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबली नाही, जणू वाटच बघत होती. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी दिवे गेले. ती मेणबत्ती शोधून घेऊन आली तर बाबा खोलीच्या मधोमध उभे, एक हात पुढे केलेला, आणि चेहरा असा की तिला वाटलं हे थट्टा करतायत. ती हसली. मग ती जवळ गेली आणि तिच्या लक्षात आलं की मेणबत्ती येईपर्यंत ते एक पाऊलही हललेले नव्हते. त्या रात्री त्यांनी सगळं सांगितलं आणि तिला शपथ घातली. छापखान्यात कळलं तर काढून टाकतील ही एक भीती. दुसरी म्हणजे, पुढे मुलं झाली की ती बापाचा हात धरून त्याला फिरवतील, ते त्यांना नको होतं. मूल बापाचा हात धरतं ते वेगळ्या कारणासाठी, असं ते म्हणाल्याचं आईला आठवत होतं. बाबांचे वडील खाणीवर पहारेकरी होते. लहानपणी बाबा त्यांच्याबरोबर उघड्यावर झोपायचे आणि म्हातारा पहाऱ्याचा वेळ जावा म्हणून त्यांना आकाश शिकवायचा. तेव्हा त्यांना दिसायचं, उत्तम दिसायचं. विशीच्या आसपास कमी होऊ लागलं. 'आधी बारीक तारे गेले म्हणायचे,' आई म्हणाली. 'मग मधले. मोठे राहिले काही वर्षं. तू झालीस तोवर तेही गेले.'

मग टेकडीवर कशाला जायचे, मी विचारलं. माझा आवाज मलाच चिडका वाटला. आई म्हणाली की मीही हेच विचारलं होतं. तर म्हणाले, पोरांचे डोळे कोरे आहेत, ते असेच वाया का घालवायचे. आणि रविवारी सकाळी टेकडीवरून परत आले, दादा आणि मी अंथरुणात पडलो, की ते चहा घेऊन आईसमोर बसायचे आणि तिला रात्रीचं सगळं सांगायचे. आज व्याध पोराला तीन रंगांत दिसला. आज पोरीने आकाशगंगेत काळा खड्डा शोधला. आईला तारे काही कळायचे नाहीत, पण ऐकून ऐकून नावं पाठ झाली. बाबा असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हेच बघून आले. 'कृत्तिकांचं म्हणायचे, पोराला सात दिसतात, पोरीला सहा. ती आठ सांगते, पण सांगू दे.' एवढं बोलून आई हसली. मला हसता आलं नाही. मी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, आणि मग, विचारायचं नाही असं ठरवलेलं असताना, उल्केचं विचारलं.

'हिरवी म्हणालीस ना तू,' आई म्हणाली. 'त्या सकाळी चहा घेतला, पण आपणहून काही सांगेनात. मी विचारलं, आज काय बघितलं. तर म्हणाले, आज एक हिरवी उल्का गेली. बाटलीसारखी हिरवी. मी पांढरी म्हणून बसलो, पोरीला राग आला. तिचा राग बरोबर आहे, म्हणाले.'

पुढच्या शनिवारी दुपारीच त्यांनी कांबळं काढून दाराशी ठेवलं होतं. मी पुस्तक घेऊन बसलेली बघितल्यावर संध्याकाळी ते उचलून परत कपाटात ठेवलं. असं चार-पाच शनिवार झालं. एकटे जा की, आई म्हणाली होती. बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. मी आईला विचारलं की तू मला का नाही सांगितलंस, तेव्हा नाही तर नंतर, बाबा गेल्यावर तरी. शपथ होती, ती म्हणाली. मग वाडगा पुढे ओढून दाणे उगाच सारखे करत म्हणाली, 'आणि तूही कधी विचारलं नाहीस.' त्यात दोष देणं नव्हतं. ती फक्त सांगत होती. मी उठले आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, कारण समोर बसवेना. मग तिला माझ्या डोळ्यांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मागे हात करून माझं मनगट चाचपडलं आणि धरून ठेवलं, पुष्कळ वेळ.

दादाला फोन केला. दादा कमी बोलतो, फोनवर तर त्याहून कमी. मी सांगत होते, तो ऐकत होता. मधे एकदा, ते ढगांचं त्यामुळेच, एवढंच म्हणाला आणि मी हो म्हणाले. मग तो एकदम बोलू लागला. एकदा रात्री दोन वाजता पाऊस आला होता, आठवतं का तुला, आपल्याला टेकडीवरून खाली यावं लागलं होतं. मला अंधुक आठवत होतं, मी फार लहान होते, बाबांच्या पाठीवर होते. दादाला सगळं आठवत होतं. बाबा म्हणाले होते, आज आपण आगगाडी करू. दादा पुढे, त्याच्या खांद्यांवर बाबांचे दोन्ही हात. इंजिनाने वाटेत येईल ते ओरडून सांगायचं, डब्यांना कळायला हवं. दादा संपूर्ण टेकडी ओरडत उतरला होता, दगड, खड्डा, पायरी, दगड, आणि खाली आल्यावर बाबांनी त्याला सांगितलं होतं की असं इंजिन मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. 'मी इंजिन होतो,' दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा परत फोन, आजाराचं नाव नीट लिहून पाठव, मी आणि मुलगा दोघं तपासून घेतो. रोखठोक आवाज, काल काही झालंच नाही असा.

ठकीला सांगायचं राहिलं होतं. आठ दिवस मी टाळलं. बाबांनी का सांगितलं नसेल ते त्या आठ दिवसांत मला आईच्या सांगण्यापेक्षा जास्त कळलं. सांगायला तोंड उघडलं की समोरच्या माणसाचा चेहरा आपल्यासाठी बदलणार, आणि तो बदललेला चेहरा मग कायम बघत राहायचा. प्रयोगशाळेत मात्र मी सांगून टाकलं. मोठ्या डॉक्टरांनी माझं टेबल भिंतीकडच्या कोपऱ्यात हलवलं, म्हणजे डावीकडून कुणी यायचा प्रश्नच नाही, आणि माझी रात्रपाळी बंद केली. दोन मिनिटांत झालं. ट्रेवाल्या मुलीलाही सांगितलं. ती परत रडली, या वेळी सुटल्यासारखी. पण ठकीचं वेगळं होतं. तिचं काम अंधारातलं, मंचामागच्या वायरींमधलं. रात्री दोन-दोन वाजता व्हॅन चालवत येते. आणि जे तिला सांगायचं होतं ते फक्त माझ्याबद्दल नव्हतं.

वाट काढून दिली ती आईने. एका सकाळी चहा घेताना ती म्हणाली की मला ते एकदा बघायचंय. मला आधी कळलंच नाही. आकाश, ती म्हणाली. दहा-बारा वर्षं तिने ते चहाबरोबर ऐकलं, वर कधी गेली नाही. घर उघडं टाकून कशी जाणार, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिला त्यात काही वाटतही नव्हतं, एक रात्र शांत झोप मिळायची तेच पुष्कळ होतं. 'गेल्या वर्षी मोतीबिंदू काढून डोळे नवे केलेत,' ती म्हणाली, 'तर वापरते थोडे.' ठकीला हे इतकं आवडलं की तिने लगेच कामाचं वेळापत्रक काढलं. अमावस्येच्या आसपासची मोकळी तारीख शोधली आणि शहरापासून दीड तासावरच्या एका धरणाची जागा ठरवली. तिथे तिने एकदा कुठलासा कार्यक्रम केला होता आणि दिवे बंद झाल्यावर स्वतःचे पाय दिसेनासे झाले होते.

संध्याकाळी निघालो. आई पुढे, दोन स्वेटर आणि शाल, मांडीवर पिशवी. मी मागे कर्ण्यांच्या रिकाम्या खोक्यांमधे. शहर संपलं आणि रस्त्यावरचे दिवे विरळ झाले तसं मी ठकीला मागूनच सांगायला सुरुवात केली, कारण मागून तिचा चेहरा दिसत नव्हता. आजोबांपासून सुरुवात केली. टेकडी, कांबळं, ढग, सगळं. मग माझा तो नकाशा. आई खिडकीबाहेर बघत होती. ठकीने एकदाही मधे तोडलं नाही. मी थांबल्यावर तिने विचारलं, 'माझ्यातही असेल?'

निम्मी शक्यता, मी म्हणाले.

'तपासता येतं?'

येतं, मी म्हणाले.

'मग तपासू. बुधवारी मी मोकळी आहे.' एका वळणावर तिने उजवा दिवा लावला, मागे पुढे एकही गाडी नसताना, आणि वळण संपल्यावरही तो तसाच टिकटिक करत राहिला. मग तिने तो बंद केला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली की तू ज्याच्या मांडीवर बसलीस त्या माणसाची आपण माफी मागायला हवी होती, उगाच हसलो. आई म्हणाली, कुठला माणूस, आणि मग ती गोष्ट तिला पहिल्यापासून सांगावी लागली. माझी आई हसताना आवाज करत नाही, फक्त खांदे हलतात. पुढच्या काचेच्या फिक्या उजेडात मला ते हलताना दिसत होते.

धरणाच्या भिंतीखाली, पाण्याच्या कडेला ठकीने व्हॅन लावली. घडीची खुर्ची उघडून आईला बसवलं, शाल गुंडाळली आणि मला हाताला धरून आईच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर आणून बसवलं. मग ती व्हॅनकडे गेली आणि पुढचे दिवे बंद केले. माझ्यासाठी त्याबरोबर सगळंच बंद झालं. पाणी, भिंत, आई, माझे स्वतःचे हात. मी वर बघितलं. थोडा वेळ काही नाही, मग एक तारा, तोही मी सरळ बघेन तेव्हाच. निळा असावा. नजर जरा हलली की नाहीसा. मी तारीख आठवली, वेळ विचारली, आणि माझ्याही नकळत सांगू लागले की आई, हा व्याध असणार, आता याच्यापासून वर उजवीकडे जा, तिथे तिरपे तीन तारे एका ओळीत असतील, तो मृगाचा बाण, त्याच्याही वर—

'थांब जरा,' आई म्हणाली. 'बोलू नकोस.'

मागे ठकीच्या पायाखाली वाळू वाजली, ती आली आणि आमच्यामधे जमिनीवर बसली, तिचा खांदा माझ्या गुडघ्याला टेकला. पाण्यावरून गार वारा येत होता. कुठेतरी लांब एक बेडूक थांबून थांबून ओरडत होता. आईचा श्वास मला ऐकू येत होता, खुर्चीची करकर ऐकू येत होती. ती मान मागे टाकून, मग एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळत असावी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ठकी काही विचारणार होती, मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

'एवढे आहेत?' आई म्हणाली. मग पुष्कळ वेळाने, हळू आवाजात, 'ह्यांनी मला थोडेच सांगितले होते.'